घुम्या नवऱ्याची प्रेमकथा कोण लिहिणार? ऐतिहासिक कादंबरीकारांना नाशिकहून खुले पत्र

मराठी ऐतिहासिक कादंबरीचे लेखक-लेखिका, त्यांचे प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

सिंहस्थ तोंडावर आला की नाशकात दोन कामांना ऊत येतो. एक रस्ते खोदण्याचं आणि दुसरं नाशिकवर लिहिण्याचं. पहिल्याबद्दल कुणाला लिहायचं ते नंतर बघू. दुसऱ्याबद्दल मात्र आत्ताच लिहिते, कारण पेशवाईतल्या नाशकावर कादंबरी लिहायला तुमच्यापैकी कुणी ना कुणी बसलंच असणार. सामग्री इथे पावलोपावली पडलेली आहे. आनंदवल्लीला राघोबा-आनंदीबाई, गंगापूरला रुसून येऊन राहिलेल्या गोपिकाबाई, सराफ बाजाराच्या तोंडाशी सरकारवाडा, रंगराव ओढेकरांनी बांधलेलं काळारामाचं देऊळ. यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. माझी विनंती नायकापुरती आहे.

तुमच्या पुढच्या ऐतिहासिक प्रेमकथेचा नायक असा करा, की ज्याचा मेंदू चारचौघांसारखा चालत नाही. आज आपण त्याला ऑटिस्टिक म्हणू, स्वमग्न म्हणू, न्यूरोडायव्हर्जंट म्हणू. त्याच्या काळात त्याला घुम्या म्हणतील, खुळा म्हणतील, फार तर एककल्ली म्हणतील. आणि त्याला नायकच करा. वाड्यातला करमणुकीपुरता वेडसर काका नको, नायिकेकडून राखी बांधून घेणारा भोळा भाऊ नको. तिचा नवरा करा. तिनं ज्याच्या प्रेमात पडावं आणि वाचणाऱ्यानंही पडावं, असा.

हाच प्रश्न मी एका जाहीर कार्यक्रमात एका लेखकांना विचारला होता. ते हसले आणि म्हणाले की ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला घोड्यावरचा नायक लागतो, खुळ्याच्या प्रेमात कोण पडणार? सभागृहही हसलं. मी पडले आहे, आणि कांदेपोह्यांच्या दिवशी नाही, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर. मुलाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी मुलापेक्षा बापालाच चार प्रश्न जास्त विचारले, तिथून आमच्या घरात या गोष्टीला नाव मिळालं. माणूस आधी होता तोच राहिला. ऐतिहासिक कादंबरी वाचताना हातात पेन्सिल आणि शेजारी जुन्या तिथ्यांची जंत्री घेऊन बसणारा. पौर्णिमेच्या चांदण्यात नायक-नायिका भेटली की हा आधी बघणार, त्या तारखेला पौर्णिमा होती का. बहुतेकदा नसते, हे तुम्हाला सांगून ठेवते.

मला एकदा टायफॉइड झाला होता. नवऱ्यानं एकदाही "बरं वाटतंय का" असं विचारलं नाही. माझी जाऊ येऊन म्हणाली, काय दगड माणूस आहे. पण दर दोन तासांनी ताप किती, गोळी कोणती, पाणी किती प्यायले, सगळं एका वहीत, वेळ घालून, रात्रीच्या वेळासुद्धा. ती वही मी जपून ठेवली आहे. पेशवे दफ्तरातली रोजकीर्द आपण किती आदरानं उघडतो! त्या दिवशी काय आलं, काय गेलं, कुणाला किती शिधा दिला. ती लिहिणाऱ्या हाताला कुणावर माया असेल तर ती कशी दिसेल, हे एखाद्या कादंबरीकाराला का सुचू नये?

आपल्या ऐतिहासिक प्रेमकथेत प्रेम दोन वाटांनी येतं, डोळ्यांतून आणि तोंडातून. नजरानजर होते, मग पल्लेदार संवाद होतात. तो काहीतरी उपमा देतो, ती पदर सावरते. ज्याला डोळ्याला डोळा लावून बोलता येत नाही आणि आडून बोललेलं कळत नाही, अशा माणसाला या कथेत शिरायला दारच नाही. तसं पाहिलं तर अतिचंचल नायक आपल्याकडे ढिगानं आहेत. एका जागी बसवत नाही, विचार करायच्या आत घोड्याला टाच मारतो, खजिन्याचा हिशेब विसरतो. त्याला आपण शूर म्हणून मोकळे झालो. अक्षरं ज्याच्या डोळ्यांपुढे नाचतात त्याचंही फार अडलं नसतं, निदान कारकुनाच्या पोटी जन्म झाला नसेल तर. अडचण होते ती घुम्याची.

मराठीला असा माणूस नवा नाही. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या वाङ्मयात रिद्धपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचं चरित्र आहे. कुणाच्याही घरात शिरावं, कुणाच्याही हांड्यात हात घालावा, मनात येईल तेव्हा हसावं, रागवावं, दगडाशी खेळावं. गाव त्यांना वेडंही म्हणतं आणि देवही मानतं, आणि या दोन्हींसकट त्यांच्याबरोबर नांदतं. त्यांना आजचं निदान चिकटवावं असं मी मुळीच म्हणत नाही. मला त्या गावाचं कौतुक वाटतं. पण पुढच्या सातशे वर्षांत आपण अशा माणसासाठी दोनच जागा ठेवल्या, एक देव्हाऱ्यात आणि एक माडीवरच्या कडी लावलेल्या खोलीत. शेजघरात त्याला जागा दिली नाही.

इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकथांच्या बाजारात हा नायक केव्हाच येऊन गेला. तिथला साचा असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बड्या घरातला मुलगा, बापानं लहानपणी वेड्यांच्या इस्पितळात डांबलेला, आता सुटून आलेला, एकदा ऐकलेली धून जशीच्या तशी वाजवणारा. वाचायला मजा येते. पण तो साचा उचलून आणू नका. वेड्यांच्या इस्पितळांचा आपल्याकडचा कायदा १८५८ सालचा, इंग्रजांनी केलेला. पेशवाईतल्या नाशकात तसं इस्पितळ नव्हतं. जे काय व्हायचं ते घरातच व्हायचं, माणसांच्या देखत. आपली गोष्ट तिथेच वेगळी होते, आणि मला वाटतं जास्त अवघडही होते.

स्कॉटलंडमधली एक खरी हकिकत सांगते. ह्यू ब्लेअर नावाचा जमीनदार होता. काड्या, पिसं गोळा करायचा, चर्चमध्ये ठरलेल्या जागीच बसायचा, गावात कुणीही मेलं की न बोलावता अंत्ययात्रेला हजर. आईनं त्याचं लग्न लावून दिलं. धाकट्या भावाचा डोळा इस्टेटीवर, त्यानं १७४७ साली कोर्टात धाव घेतली की थोरल्याला लग्न म्हणजे काय हेच कळत नाही, ते रद्द करा. कोर्टानं ते रद्द केलं. त्या खटल्यातल्या साक्षी राहिल्या, आणि अडीचशे वर्षांनी, २००० साली, उटा फ्रिथ आणि रॅब ह्यूस्टन या अभ्यासकांनी त्या वाचून दाखवून दिलं की हा माणूस ऑटिस्टिक असावा. ज्या साली तिकडे हा खटला चालला त्याच १७४७ साली इकडे गोदेच्या काठावर नारोशंकरांचं देऊळ बांधलं गेलं. त्या देवळाच्या सावलीत असा एखादा थोरला भाऊ फिरत नसेल, असं मानायला काहीच आधार नाही.

आणि त्याच्याही धाकट्या भावाला कायदा अनुकूल होता! याज्ञवल्क्यस्मृतीत वाटणीतून वगळायच्या माणसांची यादी दिली आहे. पांगळा, आंधळा, उन्मत्त आणि जड. यांना हिस्सा नाही, फक्त पोटापुरतं द्यायचं. त्यांच्या बायकांनाही पोसायचं, पण त्यांना मुलगा झाला आणि तो निर्दोष निघाला तर त्या मुलाला हिस्सा. मिताक्षरेनं, म्हणजे या स्मृतीवरच्या टीकाग्रंथानं, हेच उचललं आणि आपल्या मुलखात मिताक्षरा चालायची. हे कलम पेशवाईबरोबर संपलंही नाही. १९२८ च्या कायद्यानं ते जन्मापासून वेड्या किंवा जड माणसापुरतं आखडलं, आणि पुरतं गेलं ते १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं.

कादंबरीकार मंडळी, यात कथानक आयतं आहे की नाही? वतन आहे, दोन भाऊ आहेत. थोरला कुणाशी बोलत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा कागद न् कागद त्यानं लावून ठेवलाय. धाकटा गोडबोल्या. थोरल्याला 'जड' ठरवलं की वतन आपलं, आणि ते त्याला मुलगा व्हायच्या आत ठरवायला हवं. म्हणजे या वाड्यात नवरा-बायकोमधलं प्रेम ही दोघांपुरती गोष्ट उरतच नाही, तिच्यावर वतन टांगलेलं आहे. सासू दाराशी कान लावते ती नुसत्या उत्सुकतेनं नव्हे. पंच जमतात, नायकाला मध्ये बसवून विचारतात, तुझं नाव काय, बाप कोण, ही बाई तुझी कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनाच माहीत आहेत, मग विचारतात कशाला, म्हणून तो गप्प. तिसऱ्यावरही गप्प, कारण त्याचं उत्तर त्याला चार लोकांत द्यायचं नाही. तिकडे माजघराच्या दाराआड ती उभी आहे आणि तिला या गप्पपणातला फरक कळतो. हे मी उगाच लिहून दाखवलं, तुम्ही याहून चांगलं लिहाल. मात्र शेवटी न्याय द्यायला पुण्याहून रामशास्त्र्यांना आणायचा मोह आवरा. त्यांना आपण फार राबवलंय.

आता घराबद्दल थोडं लांबण लावते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याला वाटतं, जुन्या एकत्र कुटुंबात असा माणूस पार गुदमरला असेल. मला उलट वाटतं, निम्मा गुदमरला असेल आणि निम्मा सुखात असेल. त्या घरात बहुतेक सगळ्याला नियम होता आणि तो उघड सांगितलेला होता. पंगतीत कोण कुठे, आधी काय वाढायचं, आपोष्णी घेतल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, सोवळ्यात कुणाला शिवायचं नाही. ज्याला अंगाला हात लागलेला सोसत नाही त्याला सोवळ्याइतकी सोय दुसरी कोणती? वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देणं तर उद्धटपणाच. आजच्या मुलाखतीत जो नापास होतो तो त्या वाड्यात मान खाली घालून उभा राहिला की आज्ञाधारक ठरतो. गोपिकाबाईंनी सवाई माधवरावाला, नातवाला, कसं वागावं याची कलमं लिहून पाठवली होती. किती जणांना वाटलं असेल, आपल्यालाही कुणी अशी कलमं लिहून द्यावीत! माझ्या नवऱ्यानं ती वाचून गंभीरपणे मान डोलावली होती.

तो गोत्यात येतो ते न सांगितलेल्या नियमांपाशी. "बसा हो, घाई काय आहे" म्हणजे आता उठा, हे त्याला कोण सांगणार? सोयरिकीच्या बोलण्यात, हळदीकुंकवाच्या ओसरीवर, व्याह्यांच्या मानपानात सगळं आडूनच चालतं. बायकोचं बोलणं तर त्याहून आडून, कारण दिवसा नवऱ्याशी बोलायची सोयच नाही. सासूला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणते, "गौरी आल्या की जवळ." तिला माहेर आठवतंय. तो म्हणतो, "हो, परवा अनुराधा." ती रात्रभर उशी भिजवते आणि त्याला वाटतं, आपण बरोबर उत्तर दिलं. डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये मांडलं की अशा माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच खरं आहे, इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्याला याहून मोठं भांडवल काय हवं? अनुराधा का म्हणाला, हे तिलाही शोधू द्या. कदाचित त्यानं गौरींसाठी माहेरच्या गाडीची व्यवस्था महिन्यापूर्वीच लावून ठेवली असेल, आणि सांगायचं असतं हे त्याला सुचलं नसेल.

लग्नाचा प्रसंग तर हातचा घालवू नका. तेव्हा मुहूर्त घटिकापात्रावर धरायचे. पाण्यात तरंगणारं तांब्याचं भोकाचं वाडगं, ते भरून बुडालं की घटका झाली, आजची चोवीस मिनिटं. अंतरपाटाच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला ती, सगळ्यांचे डोळे एकमेकांवर आणि याचे त्या वाडग्यावर. भटजींच्या आधी यालाच कळतं की पात्र बुडायला आलं. हिनंही नेमकं त्याच वेळी तिकडे पाहिलेलं असलं तर? पानभर वर्णनाची गरज नाही, दोन ओळी पुरतील.

(वय हा प्रश्न आहे, मला माहीत आहे. त्या काळात मुली आठ-दहा वर्षांच्या असताना उजवल्या जायच्या. तेव्हा प्रेम लग्नाच्या दिवशी दाखवू नका. ती मोठी होऊन सासरी नांदायला आल्यावर, संसाराची काही वर्षं गेल्यावर दाखवा. घाई इंग्रजी कथेला असते, आपल्याला नाही.)

नाशिक नुसतं नावापुरतं वापरू नका, हेही जाता जाता. या माणसाच्या कातडीतून आणि कानांतून हे गाव लिहून बघा. सोवळ्यातली धाबळी आपल्याला टोचते, त्याला ती सोलून काढते. वसईच्या विजयातून आलेली नारोशंकराची ती थोरली घंटा सगळ्या गावाला पराक्रमाची खूण वाटते, हा मात्र ती वाजायच्या आधीच कानांवर हात ठेवून उभा, आणि लोक म्हणणार, देवाधर्माचं वावडं आहे याला. उलट तांबट आळीतला ठोक्यावर ठोका, ज्यानं पाहुण्यांचं डोकं उठतं, तिथे हा तासन्‌तास शांत बसेल, कारण त्या ठोक्यांना ताल आहे. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की सगळं गाव काठावर हाकारत असतं, हा पायऱ्या मोजून सांगतो, पाणी अजून किती चढेल. आणि सिंहस्थ! गर्दी, शंख, धूर, राख, ओळखीचा रस्ता एका रात्रीत अनोळखी झालेला. तो महिना तो कसा काढतो यावरच एक प्रकरण होईल.

रंगपंचमीच्या रहाडींबद्दल बाहेरगावच्या वाचकांना फारसं माहीत नसतं. जुन्या नाशकात पेशवेकालापासूनचे दगडी हौद आहेत, वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, रंग उकळून भरतात आणि लोक धप्पा मारतात, म्हणजे त्यात उडी टाकतात. न मारणाऱ्याला उचलून टाकतात. आता आपल्या नायकाचं काय? चारी बाजूंनी हात, ओला रंग, आरडाओरडा. बायका माडीच्या खिडकीतून बघतायत. त्याला वाचवायला नायिका खाली धावून येऊ शकत नाही, काळ तसा नाही. मग ती काय करते? मला एक सुचलं आहे, पण ते तुमच्यासाठी सोडते.

निदान कादंबरीत आणू नका. स्वमग्नता हे नाव तेव्हा जगात कुठेच नव्हतं. ऑटिझम हा शब्द ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं १९११ च्या सुमारास वापरला तोही दुसऱ्या अर्थानं. अशा मुलांचं नीट वर्णन केलं ते १९२५ मध्ये ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टरबाईंनी, मग १९४३ मध्ये कॅनरनं आणि १९४४ मध्ये आस्पर्गरनं. १७७० सालच्या नाशकातला वैद्य नाडी बघेल, चरकात पाच प्रकारचे उन्माद सांगितलेत त्यातल्या एकात याला बसवेल आणि कल्याणक घृत चाटवेल. घाबरवून शुद्धीवर आणायचे उपायही चरकात आहेत, ते एखाद्या आगाऊ चुलत्याला सुचतील. देवऋषी येईल, नवस होतील. हे सगळं लिहा, पण वैद्यबुवांच्या तोंडी आपलं आजचं शहाणपण घालू नका.

तसंच एखाद्या खऱ्या पेशव्याला किंवा सरदाराला उचलून तो ऑटिस्टिकच होता असा शोधही नको. मेलेल्या माणसाची तपासणी कागदावर होत नाही, आणि वंशज कोर्टात जातात ते वेगळंच. कल्पनेतला माणूस घ्या. शक्यतो मोठा नको. सरदारकीच्या धबडग्यात हा टिकणार नाही आणि टिकला तर खोटा वाटेल.

अलौकिक स्मरणशक्तीचा मोह सगळ्यांत मोठा. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळींच्या वह्या असतात. लगेच सुचतं, नायक उपाध्याय, सगळ्या वह्या तोंडपाठ, शेवटी त्या आठवणीच्या जोरावर राज्य वाचतं. नको हो. बहुतेक स्वमग्न माणसांना असली सिद्धी नसते. त्यांनी प्रेम मिळवण्यासाठी आधी राज्य का वाचवावं? बाकीच्या नायकांना तर नुसत्या मिशीवर मिळतं.

आणि शेवटच्या प्रकरणात तो 'बरा' झालेला मला चालणार नाही. नायिकेच्या मायेनं वितळला, पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहून हसला, मिठीत घेतलं, समाप्त. हे वाचलं की आमच्या घरी पेन्सिल फेकली जाते. तिनं त्याला बदललं तर मग प्रेम कुणावर केलं? त्याला बदलू दे, माणूस बदलतोच, पण त्याच्या चालीनं. उदाहरणार्थ, ती आडून बोलायचं सोडते आणि तो ज्या गोष्टी सांगायच्या असतात त्यांची यादी करायला शिकतो.

नायिकेबद्दल मी तुमच्याशी भांडणार आहे. अशा कथेत ती हटकून त्यागमूर्ती होते. सोशीक, हसतमुख, नवऱ्याची आई झालेली. मी त्या जागी आहे म्हणून सांगते, मी सोशीक नाही. मला राग येतो, कंटाळा येतो, आणि त्यालाही माझा येतो. मी एकाच वेळी तीन विषय बोलते, टीव्ही चालू ठेवून. पेशवाईतली नायिका ब्राह्मण घरातली घेतलीत तर एक पेच पडतो. तिला सोडून जाता येतच नाही. मग तिचं राहणं प्रेम आहे की नाइलाज, हे तुम्ही कसं दाखवणार? म्हणून माझी सूचना, वाडे जरा सोडा. काळारामाच्या देवळावर घडणाऱ्या पाथरवटाच्या घरात या, येवल्याच्या मागावर या, पंचवटीपलीकडच्या मळ्यात या. ज्या समाजांत पाटाची चाल होती तिथे काडीमोड घेऊन बाई दुसरा संसार मांडू शकत होती. सरकार पाटदाम नावाचा कर घ्यायचं, म्हणजे चाल किती रुळलेली होती बघा. अशा घरात, माहेरची माणसं काडीमोडाला तयार असताना, दुसरं चांगलं स्थळ दारात असताना ती राहते किंवा जाते. ती गेली तरी चालेल मला. नंतर परत आली तर तीनशे पानं मी एका बैठकीत वाचीन.

पाथरवट नायक मला मनापासून आवडेल. रामशेजच्या डोंगरातून आलेला काळा दगड, प्रत्येक चिऱ्यावर बोटं फिरवून पाहणारा, सांधा केसभर चुकला तर जेवण न जाणारा. सोबतचे त्याला हसतात आणि मुकादम त्याच्याच चिऱ्यांवर भरवसा ठेवतो. हे देऊळ उभारणाऱ्या आणि त्याच्या दाराबाहेर थांबावं लागलेल्या माणसांचा हिशेबही त्या कादंबरीत येऊ द्या. त्या दारासाठी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला, म्हणजे दार किती पक्कं लावलेलं होतं ते नायकाच्या काळातच दिसलं पाहिजे.

प्रकाशकांना वेगळं थोडं. हे पुस्तक आलंच तर मलपृष्ठावर 'एका दुर्दैवी जीवाची करुण कहाणी' असं छापू नका. मुखपृष्ठावर गुडघ्यांत डोकं घातलेला माणूसही नको. इतर ऐतिहासिक प्रेमकथांना जशी पैठणी, समई आणि चंद्रकोर मिळते तशी यालाही मिळू द्या, भडक असली तरी चालेल. २ एप्रिलला, स्वमग्नता जागृती दिनाला, प्रकाशन ठेवून सामाजिक कार्य केल्याचं समाधान मिळवू नका. दिवाळीला काढा, भाऊबीजेला भेट देता येईल असं. संपादकांनो, तुमच्या अंकात दरवर्षी एक तरी पेशवेकालीन दीर्घकथा असते. तिथून सुरुवात केलीत तर कादंबरीपर्यंत जायला लेखकाला धीर येईल. आणि लिहिणाऱ्यांत एखादा स्वतःच असा मेंदू घेऊन जन्मलेला असेल, त्याचं हस्तलिखित 'संवाद जमले नाहीत' म्हणून परत पाठवण्याआधी ते दुसऱ्यांदा वाचा.

मला मोडी वाचता येते, फार सराईत नाही, पण निवाडपत्र लागलं तर लावून देईन. शब्द अडला तर सांगा. खर्डा तयार झाला की पाठवा, आम्ही दोघंही वाचू. माझ्याकडून प्रेमप्रसंगांवर शेरे येतील आणि नवऱ्याकडून तिथी, वार, नक्षत्रं, अंतरं आणि कोसांचा हिशेब. तो लेखकाचं मन राखून बोलणार नाही, ते त्याला जमत नाही. पण पान आणि ओळीचा क्रमांक घालून देईल, आणि जे पान बरोबर असेल त्यापुढेही 'बरोबर' असं लिहील. दिवाळी अंकासाठी पाठवणार असाल तर गणपतीच्या आत पाठवा. गौरींच्या तीन दिवसांत आमच्याकडे कुणी काही वाचत नाही.

आपली,
एक वाचक, जुनं नाशिक